सावली : शून्य ते तीन

पहाटे साडेपाचला, ऊन चढायच्या आत,
रुवीच्या मागच्या गल्लीत मी चाक ढकलत निघते.
काठीला एकच चाक, मुठीशी आकडे,
दर मीटरला एक टक्.
हिलाल गाडीत बसून हसतो :
माझ्या धाकट्याला दे, तो दिवसभर मोजेल.

अठ्ठेचाळीस प्रश्न.
पदपथ आहे का. सलग आहे, की मध्येच संपतो.
सावली : शून्य ते तीन.
औषधाचं दुकान चारशे मीटरच्या आत?
आहे. दोनशे दहावर.
समोर एक पांढरी गाडी थांबते, हॉर्न वाजतो,
आतला पोरगा धावत येऊन
काचेतून गोळ्या देतो.
चालत कोण येतं, असा प्रश्न नाही.

पदपथ मात्र देखणा.
लाल विटा, पुसल्यासारख्या स्वच्छ.
मी एकटीच.

मोठ्या रस्त्याच्या दुभाजकावर जाळी.
जाळीला भोक, एका माणसाच्या खांद्याएवढं,
कडा हात लागून लागून गुळगुळीत.
त्यातून डबा सांभाळत येतो राजापूरचा अनंता मेस्त्री,
माझा फॉर्म बघतो :
"ताई, ह्याला किती मार्क?"
रस्ता ओलांडायची सोय : नाही.
भोकाला रकाना नाही.
आणि कॅम्पातली माणसं आमच्या यादीत नाहीत,
यादीला घरचा पत्ता लागतो.

मग डोंगराआड, हैल बनी रुशैदला.
शंभरपैकी अकरा गुण.
पदपथ नाही. दिवा नाही. दुकान एक, तेही बंद.
खजुरांखालून फलजचं पाणी,
आणि पाटाची कड वीतभर रुंद.
त्या कडेवरून झुवैना येते,
डोक्यावर लसूणघासाचा भारा, वय सत्तरीच्या पुढे.
"हे चाक कशाला?"
वाट मोजायला, हिलाल तिच्या भाषेत सांगतो.
"का, कमी पडली का?"

कडेवर चाक मावत नाही.
मी चपला काढते, पावलं मोजत जाते.
माझ्या माहेरी बांध असेच होते,
पाय विसरले नव्हते, मीच विसरले होते.
सुंदर वगैरे लिहिणार होते,
तेवढ्यात तिनं गुडघा दाखवला, भोपळ्यासारखा सुजलेला.
दवाखान्यात चालत जाता येतं?
ती डोंगराकडे बघते. एकोणीस किलोमीटर.
नातू मशिदीत जातो गाडीने, मशीद दिसते इथून.

सात दिवसांनी कमरेचे डबे परत आले.
झुवैनाचे अकरा हजार, रोजचे.
शहरातल्या नादिराबाईंचे चौदा हजार दोनशे,
पहाटे चार ते रात्री अकरा,
आणि तीस मीटरच्या बाहेर एकही नाही.
डॉक्टर रय्यांनी भुवया उंचावल्या.
बाई फोनवर खळखळून हसल्या :
"मला टोचत होतं. सुमनावतीला बांधलं."
सुमनावती, कँडीजवळची,
स्वयंपाकघर, जिना, गच्ची, मुलांची खोली, जिना.
अवैध, रय्या म्हणाल्या. आवाज मऊ होता.
ती ओळ काढून टाक.
काढली.

शेवटचा प्रश्न, अठ्ठेचाळिसावा :
एकंदरीत हा भाग चालण्याजोगा वाटतो का?
एक ते पाच.
आईचा फोन येतो तेव्हा तीही एवढंच विचारते,
कसं चाललंय.
मी म्हणते, चाललंय.
तिला कधी आकडा लागला नाही.

काल उशीर झाला. हिलाल गेला होता,
बसथांबा रस्त्यापलीकडे, सहा पदरांपलीकडे.
पूल दीड किलोमीटरवर; मीच मोजलेला.
अनंतानं जाळीपाशी हात केला,
"ताई, आत्ता. चला!"
भोकातून चाक जाईना.
खांद्यावर घेतलं.
तेवढं अंतर मोजलं गेलं नाही.